पंचवटीतल्या पडद्यावरचा तो खुनाचा पिक्चर एक नाही, दोन आहेत

ताई, उत्तराला हात घालण्याआधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. साल १९८० च्या आसपासचं. तुम्ही सात-आठ वर्षांच्या, गणपतीला पंचवटीत मामांकडे आलेल्या. गल्लीत मंडळाने पडदा बांधलेला, आणि गर्दीमुळे तुम्ही पोरंटोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसलेली. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट. एक माणूस आडोशाला लपलाय आणि त्याच्या डोळ्यांदेखत खून होतो. खून करणारा गुंड-मवाली नाही, चांगला भारदस्त, वयाने मोठा माणूस. सुरा डाव्या हातात. पुढे कोर्ट भरतं तर तोच माणूस जजच्या खुर्चीत! पिंजऱ्यात एक काटकुळा, गयावया करणारा चोर. जज बोलायचा तेव्हा ओठ आणि आवाज जुळत नव्हते आणि त्याचीच तुम्हाला जास्त भीती वाटली. मग धो धो पाऊस, मोटार, काचेवरचे वायपर बंद पडतात, पांढऱ्या साडीतली बाई, कबरस्तान. मामा सारखे कुरकुरत होते की यात एक गाणं नाही, कसला पिक्चर आणलाय. शेवट आठवत नाही. भाषा मराठी असावी असं वाटतं. आणि ‘बाई मेलेली आणि तिचा खून जजने केलेला’ अशी गोष्ट तुम्ही इतकी वर्षं सांगत आलात, पण असा पिक्चर कुणालाच माहीत नाही.

माहीत नसणारच, कारण असा पिक्चर नाही. तुमच्या डोक्यात दोन पिक्चरना जोड बसलाय. खून आणि कोर्ट आहे ते बी. आर. चोप्रांच्या ‘कानून’मधलं, १९६० सालचं. पाऊस, वायपर आणि बाई ही राज खोसलांच्या ‘वो कौन थी?’मधली, १९६४ सालची. दोन्ही हिंदी, दोन्ही खरोखरच ब्लॅक अँड व्हाइट.

आता हे कशावरून, ते सांगतो. मी नाशकात गणपती-नवरात्रात गल्लोगल्ली पिक्चर दाखवायचं सोळा एमएमचं मशीन चालवलंय. व्हिडिओ आला आणि तो धंदा बसला. तेव्हापासून जुन्या पिक्चरच्या गाण्यांची चोपडी जमवतो, आणि लोक अर्धेमुर्धे आठवणारे पिक्चर घेऊन येतात. बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: ते गोष्ट आठवायला बसतात. गोष्ट मुलाला कळलेलीच नसते, ती मोठेपणी आपण रचलेली असते. त्यापेक्षा पिक्चर कुठे बसून पाहिला, कशावर पाहिला, शेजारी कोण काय म्हणालं, हे आधी विचारावं. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात भक्कम पुरावा पडद्यावरचा नाहीच, तो मामांची कुरकुर आहे.

का ते बघा. लहान मुलाला गाणं आठवत नाही याला काडीची किंमत नाही. गाणं लागलं की पोरं उठून शेंगदाणे आणायला जात. शिवाय भाड्याच्या घासलेल्या प्रिंटमध्ये गाणी कापलेलीही असत. पण तिकडे एक मोठा माणूस बसलाय, गाण्यांच्या आशेने आलाय आणि पुन्हा पुन्हा वैतागतोय. म्हणजे गाणं नव्हतंच. हिंदीत बिनगाण्याचा पिक्चर म्हणजे अपवाद. त्या काळातले पटकन आठवणारे तीन: ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘मुन्ना’ (१९५४), ‘कानून’ आणि यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९). ‘मुन्ना’ एका लहान मुलाची कहाणी आहे, त्यात असला मामला नाही. उरले दोन. या दोघांत लोक नेहमी घोळ घालतात, कारण दोन्हीत नंदा आहे, दोन्ही चोप्रा मंडळींचे, दोन्हीत खून. पण ‘इत्तेफाक’ जवळजवळ सगळा एका घरात, एका रात्रीत घडतो, आणि तो रंगीत आहे. तुमच्याकडे कोर्ट आहे, जज आहे, चोर आहे.

‘कानून’मध्ये जज बद्रीप्रसाद म्हणजे अशोककुमार. वकील कैलास म्हणजे राजेंद्रकुमार, जजचा होणारा जावई. तो एका सावकाराच्या घरी गेलेला असतो. कुणी येतंय म्हणून आत लपतो, आणि बघतो तर सासरेबुवाच आत येतात आणि सावकाराचा खून करून जातात. सावकार ओमप्रकाश. त्यानंतर त्या घरात चोरी करायला एक भुरटा शिरतो आणि खुनाच्या आरोपाखाली नेमका तोच सापडतो. खटला उभा राहतो तो बद्रीप्रसादांच्याच समोर. तुमचा काटकुळा, गयावया करणारा चोर म्हणजे नाना पळशीकर. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं, चोप्रांनाही दिग्दर्शनाचं मिळालं. पळशीकर पिंजऱ्यात उभे असतात तेव्हा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरून हटायला तयार नसतो. माझ्या मते अशोककुमारपेक्षा हा पिक्चर त्यांचाच आहे. सात वर्षांच्या मुलीला नायक आठवत नाही, नायिका आठवत नाही, पण तो चोर आठवतो, यात नवल नाही.

शेवट मी इथे सांगणार नाही. तुम्हाला तो आठवत नाही हे एका अर्थी बरंच आहे, बघायला बसलात की मजा राहील.

भाषेचं म्हणाल तर ‘मराठी होता’ ही आठवण मी पहिल्या झटक्यात बाजूला ठेवतो. मराठी घरातलं पोर हिंदी पिक्चर बघून येतं, दुसऱ्या दिवशी शाळेत गोष्ट मराठीत सांगतं आणि पुढे तेच मराठी संवाद त्याला पडद्यावर ऐकल्यासारखे वाटतात. तरी मराठीतले दोन तपासून पाहिले, कारण कुणीतरी ते सुचवणारच. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) ब्लॅक अँड व्हाइट आहे, रहस्याचा आहे आणि त्यात कोर्टही आहे. पण तिथे वकिलापुढे उभी राहते ती त्याच्या मेलेल्या बायकोसारखी दिसणारी बाई, जज खुनी वगैरे भानगड नाही. आणि ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ असलेल्या पिक्चरला मामा बिनगाण्याचा म्हणाले नसते. दुसरा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६). त्यात ‘गोमू संगतीनं’ आहे. तेही गाणं ऐकून कुरकुरणारा मामा माझ्या तरी बघण्यात नाही.

आता डावा हात. तुम्ही मागच्या बाजूला बसला होतात, ही गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण माझ्यासाठी ती सोन्यासारखी आहे. गल्लीत पडदा म्हणजे दोन बांबूंना ताणून बांधलेलं पांढरं कापड. पुढे मोठी माणसं, मागे पोरं आणि उशिरा आलेले. मागून चित्र दिसतं, पण उलटं: डावं ते उजवं, उजवं ते डावं. पाट्या आणि श्रेयनामावली उलट्या अक्षरांत, म्हणून मागे बसलेल्यांना पिक्चरचं नाव कधीच आठवत नाही. त्यात भाद्रपदातली भुरभूर. कापड भिजलं की मागच्या बाजूला चित्र उलट जास्त उजळ दिसायचं, त्यामुळे पावसात मागची जागा सोडायला पोरं तयार नसत. तेव्हा सुरा डाव्या हातात होता म्हणून कुठलाही पिक्चर बाद करू नका, आणि उजव्या हातात दिसला म्हणून ‘हा तो नव्हे’ असंही म्हणू नका.

ओठ आणि आवाजाचा किस्सा तर सरळ मशीनचा आहे. सोळा एमएमच्या फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात. आवाजाची पट्टी चित्राच्या २६ चौकटी (चौकट म्हणजे फिल्मवरचं एकेक चित्र) पुढे असते, कारण फिल्म आधी दिव्यासमोरून थांबत थांबत जाते आणि मग आवाजाच्या ड्रमवरून सलग फिरते. दोन्हींच्या मध्ये खाली फिल्मचा एक ढिला वळसा सोडावा लागतो, त्याला आम्ही लूप म्हणतो. लूप मापात असेल तर ओठ आणि शब्द जुळतात. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे लूप पाच-सहा चौकटींनी लहानमोठा पडला तरी पाव सेकंदाचा फरक, आणि तो डोळ्याला खटकतो. घासलेल्या प्रिंटची भोकं फाटलेली असली की लूप आपोआप सरकायचा. चांगला ऑपरेटर मशीन न थांबवता बोटाने तो सारखा करायचा, नवशिक्या पोरगा रीळ संपेपर्यंत तसंच चालू द्यायचा. तुमच्या रात्री असाच कुणी नवशिक्या बसला असणार. जजसाहेबांच्या अंगात कुणी शिरलेलं नव्हतं.

राहिली पावसातली बाई. डॉक्टर मनोजकुमार रात्री मुसळधार पावसात गाडी चालवतोय, रस्त्यात पांढऱ्या साडीतली साधना उभी. तो तिला गाडीत घेतो. वायपर बंद पडतात, समोरचं काही दिसत नाही, पण तिला मात्र रस्ता दिसतोय, ती सांगते आणि हा चालवतो. उतरते कुठे, तर कबरस्तानाशी. तुम्ही लिहिलेलं सगळंच्या सगळं यात आहे. माझा निकाल पक्का झाला तो वेगळ्याच कारणाने: हा सगळा भाग पिक्चरच्या अगदी सुरुवातीचा आहे. पावसानंतरचं तुम्हाला एकही दृश्य आठवत नाही. ना लग्न, ना हवेली, ना ‘लग जा गले’. म्हणजे दुसरा पिक्चर लागला, पहिली काही मिनिटं तुम्ही डोळे ताणून पाहिलीत आणि मग झोपलात. कुणीतरी उचलून घरी नेलं असेल.

हे गल्लीच्या हिशोबात चपखल बसतं. सोळा एमएमच्या १६०० फुटी रिळात साधारण ४४ मिनिटं मावतात. अडीच तासांच्या पिक्चरला चार रिळं. मशीन एकच, त्यामुळे प्रत्येक रीळ बदलताना दिवे लागणार, चहा होणार, कार्यकर्ता माइकवर वर्गणीची आठवण करणार. आरती उरकून साडेनऊला सुरू केलेला पिक्चर साडेबाराच्या आत संपत नसे. आणि मंडळं एका रात्रीचं मशीनभाडं देऊन दोन पिक्चर मागायची. ध्वनिवर्धकाची रात्री दहाची मर्यादा घालणारे नियम आले २००० साली, तेव्हा अडवणारं कुणी नव्हतं. पहिला सगळ्यांसाठी, दुसरा जागणाऱ्यांसाठी भुताचा किंवा मारामारीचा. दोन्हींच्या मध्ये ‘समाप्त’ची पाटी येते खरी, पण मागून ती उलटी. झोपेला आलेल्या मुलीला ती आणखी एक रीळबदल वाटली असेल.

इतरांसाठी एक सांगतो, कारण पांढऱ्या साडीतल्या बाईचे प्रश्न मला सारखे येतात. धुकं, हवेली, दूरवरून गाणं आणि पांढऱ्या कपड्यातली बाई एवढ्यावर कुणीही पिक्चर ओळखू शकणार नाही. ‘महल’ने (१९४९) ‘आएगा आनेवाला’ गाजवलं आणि पुढची पंधरा-वीस वर्षं ते दुकान जोरात चाललं: ‘मधुमती’ (१९५८), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘कोहरा’ (१९६४), ‘वो कौन थी?’. यातल्या ‘बीस साल बाद’ आणि ‘कोहरा’ या दोघांचे दिग्दर्शक एकच, बीरेन नाग, आणि दोन्हीत विश्वजीत आणि वहिदा रहमान. ते एकमेकांत मिसळले तर दोष बघणाऱ्याचा नाही. अशा वेळी वातावरण सोडून द्यायचं आणि एखादी फालतू वाटणारी गोष्ट पकडायची. घराची कारभारीण म्हणून ललिता पवार दिसल्या आणि मेलेल्या मालकिणीची खोली जपून ठेवलेली असेल तर ‘कोहरा’. गावात मुलीचा सूड, दलदल आणि माळरान असेल तर ‘बीस साल बाद’. वायपर असेल तर ‘वो कौन थी?’. तुम्ही ‘काचेवरचे वायपर’ असं लिहिलंत, तिथेच माझं निम्मं काम झालं होतं. नुसतं ‘भयानक पाऊस होता’ म्हणाला असतात तर अजून चाचपडत बसलो असतो.

आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तुमचा पडद्यावरचा असल्याने प्रश्न नाही, पण टीव्हीवर पाहिलेल्यांनी जपून. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी मराठी, रविवारी हिंदी पिक्चर. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये, आणि त्यानंतरही कित्येक घरांत जुनाच संच होता. ‘गुमनाम’, ‘मेरा साया’, ‘ज्वेल थीफ’ हे सगळे रंगीत, पण त्या पेटीवर काळेपांढरेच दिसले. ‘मेरा साया’ म्हणजे ‘पाठलाग’चंच हिंदी रूप, तेव्हा एकाने तो रंगीत पाहिलेला, दुसऱ्याने टीव्हीवर काळापांढरा आणि तिसऱ्याने मूळ मराठी, असे तिघे भांडताना मी ऐकलेत. तिघांचंही खरं होतं.

आता तुम्ही काय करायचं. ‘कानून’ लगेच लावू नका. आधी कागदावर तुम्हाला आठवतंय ते सगळं उतरवा: खोलीत दार कुठे होतं, सावकार बसलेला की उभा, चोराच्या अंगात काय होतं. एकदा दृश्य पाहिलं की जुनी आठवण पुसली जाते आणि मग ‘हो हो, अगदी असंच’ म्हणायला माणूस मोकळा होतो. बघताना खुनाच्या दृश्यावर उडी मारू नका, पहिल्यापासून बघा. सुरुवातच कोर्टात होते: ज्या माणसाच्या खुनाची शिक्षा आपण आधीच भोगून आलो, त्याच्याच खुनाचा आरोप पुन्हा लागलेला एक म्हातारा पिंजऱ्यात उभा राहून गेलेली वर्षं परत मागतो. भूमिका जीवन यांची. हे दृश्य तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. ते बघताना काही हललं, तर माझ्या सांगण्यापेक्षा तो पुरावा मोठा. कागदावरच्या नोंदींपैकी निम्म्या जुळल्या तरी पुष्कळ, फक्त डावं-उजवं उलटून बघा. ‘वो कौन थी?’ची पहिली पंधरा मिनिटं पुरेत.

ज्यांनी थेटरात पाहिलेला पिक्चर शोधायचाय त्यांचं काम सोपं आहे, फक्त एक लक्षात घ्यावं: पाहिलं ते साल पिक्चरचं साल नसतं. विजयानंद, सर्कल, मधुकर, हेमलता, कुठेही असो, जुने पिक्चर मॅटिनीला स्वस्तात परत परत लागायचे. साठ सालचा पिक्चर ऐंशीत पाहिलेले ढीगभर लोक आहेत. साल आणि महिना अंदाजे माहीत असेल तर त्या काळच्या ‘गावकरी’तल्या थेटरांच्या जाहिराती चाळा. तारखेवार, थेटरवार नावं मिळतात. गाण्याची अर्धी ओळ आठवत असेल तर हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ आहे, दशकवार खंड, पिक्चरगणिक गाणी. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चोपड्या आणि पोस्टर जपलेली आहेत.

गल्लीतल्या पिक्चरची मात्र जाहिरात नसते. तिथे मंडळाचा जमाखर्च कामाला येतो. जुन्या मंडळांनी अहवाल छापले असतील तर त्यात मशीनभाड्याची ओळ असते, कधी पिक्चरची नावंही. मामा आहेत का? असतील तर त्यांना पिक्चरचं नाव विचारू नका, ते तुमची गोष्ट ऐकून तुमच्याच सुरात सूर मिसळतील. एवढंच विचारा की त्या वर्षी मंडळाने एका रात्रीत किती पिक्चर दाखवले होते, आणि मशीन कुणाचं होतं.